मावशीचं लिंबू, काकांचा तराजू

माझ्या मावशीला गप्प बसता येत नाही. ही चहाडी नव्हे. तिची उंची जशी सगळ्यांना दिसते तसंच हेही. लहानपणी तिला ताप आला की आजी थर्मामीटर काखेत लावायची, कारण तोंडात लावलेला बोलता बोलता बाहेर पडायचा. लग्नानंतर सासूने "जरा तोंडाला कुलूप लाव" असं सांगून पाहिलं. काही वर्षांनी तीच सासू दुपारची झोप मोडून मावशीशेजारी भाजी निवडायला बसू लागली आणि मावशी क्षणभर थांबली की म्हणायची, "मग? पुढे काय झालं?"

काकांचं मात्र वेगळं. काका वजनमाप खात्यात तपासनीस होते. दुकानादुकानांतून जायचं, तराजू खरा की खोटा ते बघायचं, खरा असेल तर शिक्का मारायचा. आता निवृत्त झालेत. काका अबोल आहेत असा लोकांचा समज आहे, पण तो चुकीचा. काका बोलतात, फक्त ते मुद्द्यापर्यंत पोचायच्या आत ऐकणारा निघून गेलेला असतो. नमनालाच घडाभर तेल. एकदा शेजारीण विचारायला आली, "तुमच्या स्वयंपाकघरातला काटा बरोबर दाखवतो ना? मला केकसाठी मैदा मोजायचाय." काका म्हणाले, "बरोबर म्हणजे काय, ते आधी ठरवू." त्या दिवशी तिच्याकडे केक झाला नाही.

अशा दोघांचा संसार इतकी वर्षं चालला तो एका साध्या सोयीवर. मावशी बोलायची आणि काका ऐकत नसत. काका बोलायचे तेव्हा मावशी भाजी टाकायला उठायची. मावशीच्या बोलण्यावर काकांचा एकच शेरा ठरलेला होता: "उचलली जीभ, लावली टाळ्याला."

आणि याच जिभेने मावशीला वयाच्या साठीजवळ आयुष्यातलं पहिलं काम मिळवून दिलं.

मावशीच्या गल्लीत लहान मुलांच्या पोटाच्या तक्रारी फार. पोट फुगायचं, ढेकर आला की बाजूचा माणूस उठून जाईल असा वास, शौचाला तेलकट, चिकट. बरं व्हायचं आणि पुन्हा व्हायचं. सगळ्या आया 'जंत, जंत' म्हणत औषधं देत होत्या. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा कळलं की हे जंत नव्हेत, जिआर्डिया नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव आहे. पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातो आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो. गल्लीची पाण्याची टाकी साफ झाली, औषधं दिली गेली. पण बाईंना आणखी एक कोडं सोडवायचं होतं. तोच जीव पोटात असूनही काही मुलं आजारी पडतात आणि काही खुशाल खेळतात, ते का?

त्यासाठी त्यांना गल्लीतल्या प्रत्येक घरात वट असलेली एक बाई हवी होती. मावशी त्या दिवशी गुडघ्यासाठी मलम आणायला केंद्रात गेली होती. रांगेत तिने असा काही फड जमवला की आतून डॉक्टरीणबाई उठून बाहेर आल्या.

"तुम्ही या गल्लीत सगळ्यांना ओळखता का हो?"

"सगळ्यांना म्हणजे..." मावशीने प्रामाणिकपणे आठवून बघितलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेचं माहेर अजून नीट कळलं नाहीये."

काम ठरलं.

काम होतं लाळ गोळा करायचं. ऐकल्याबरोबर माझ्या आईने नाक मुरडलं. "ताई, या वयात लोकांच्या थुंक्या?" मावशी तिच्यावरच घसरली. "थुंकी नव्हे, लाळ. थुंकी माणूस टाकतो, लाळ आपोआप येते. आणि तू लहान असताना माझ्याच खांद्यावर गाळायचीस, तेव्हा नाही कुणी नाक मुरडलं." मग तिने आईला सगळं समजावलं, आणि मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की आपल्याला बाहेरून जशी कातडी असते तशी आतूनही एक ओली कातडी असते, तोंडापासून पार खालपर्यंत. जिआर्डिया आत येऊन चिकटायला लागला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, आणि त्या नुसत्या रक्तात राहत नाहीत. त्या या ओल्या अस्तरावर, बुळबुळीत चिकात ओतल्या जातात, म्हणजे शत्रूला पाय रोवू द्यायचा नाही. आतड्यात रोज डोकावणं तर शक्य नाही. पण आतड्याने जे शिकून घेतलेलं असतं त्याची थोडीशी खूण तोंडातल्या लाळेतही उमटते. आईच्या दुधातही.

"म्हणजे आपल्या जिन्यासारखंच," मावशी तेव्हा बाईंना म्हणाली होती. "तळमजल्यावर भांडण झालं की बातमी वरच्या मजल्यापर्यंत येतेच. खाली जायची गरज नाही."

डॉक्टरीणबाईंना हे इतकं आवडलं की पुढे त्या स्वतःच जिन्याचं उदाहरण द्यायला लागल्या.

मावशीला एक निळी पेटी मिळाली. आत बर्फाच्या पिशव्या, झाकणाच्या नळ्या, नळीत लाळ उतरायला छोट्या स्ट्रॉ. शौचाच्या नमुन्यासाठी वेगळ्या डब्या, झाकणालाच चमचा लावलेला. ठरलेल्या दिवशी सकाळी मुलांनी मावशीच्या पुढच्या खोलीत जमायचं, आधी काही खायचं नाही, चूळ भरायची, थोडं थांबायचं, मग मान खाली घालून तोंडात साचेल ते स्ट्रॉमधून नळीत सोडायचं. दुपारी केंद्राची गाडी येऊन पेटी घेऊन जायची.

ती पेटी मावशीने काय मिरवली! रोज पुसायची. खरं तर घरात जागा तिच्या मालकीची अशी नव्हतीच. कपाटावर काकांची पितळी वजनं, टेबलावर काकांचा तराजू, खुंटीवर काकांची छत्री. पेटी आल्यावर तिने तराजू उचलून खिडकीत ठेवला आणि टेबलावर पेटी ठेवली. काकांनी तराजूवर एक फडकं तेवढं घातलं.

गल्लीतल्या बाया आधी लाजल्या. डबीतला नमुना आणून द्यायचा म्हणजे काय, कुणी रुमालात गुंडाळून आणायची, कुणी भेटवस्तूसारखा चकचकीत कागद लावून. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी तर छान शिवलेल्या कापडी पिशवीत घालून आणला. मावशी पिशवी न्याहाळत म्हणाली, "यात माल काय आहे ते माहीत नसतं तर मी पिशवी ठेवून घेतली असती हो!" शिंपीणबाई हसल्या, मग बाकीच्याही हसल्या, आणि तिथून पुढे कुणी लाजलं नाही.

या शिंपीणबाईंची मुलगी भिंगरी. पाच-सहा वर्षांची, नावासारखीच एका जागी न ठरणारी, आणि गल्लीत सगळ्यात जास्त वेळा आजारी पडलेली. "हिचं पोट म्हणजे धर्मशाळा आहे," शिंपीणबाई म्हणायच्या, "कोणीही यावं, राहावं."

अडचण आली ती वेगळीच. चूळ भरून, मान खाली घालून पोरं बसली की लाळच येईना. एरवी उशीवर ओघळ सोडणारी पोरं, नळी दिसली की घशाला कोरड. वर चुळबूळ, ढकलाढकली, "आजी, झालं?" गाडी यायची वेळ व्हायची आणि नळ्या रिकाम्या.

मुलांना काही खायला द्यायचं नाही असा नियम होता. मावशीने काही खायचं नाही, असं मात्र कुठेच म्हटलं नव्हतं.

मावशीने लिंबू घेतलं. मी त्या दिवशी सुट्टी म्हणून तिच्याकडे राहायला गेले होते, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोरांच्या समोर स्टूल घेऊन ती बसली. लिंबू तळहातावर फिरवत म्हणाली, "हे लिंबू साधं नाहीये बरं. झाडावरचं सगळ्यात रागीट लिंबू आहे. याच्या शेजारी दुसरं लिंबू पिकायला घाबरायचं." मग सुरीने सावकाश कापलं. थेंब उडाले. अर्धी फोड उचलली, नाकाजवळ नेली, एक डोळा मिटला. "जिभेच्या टोकाला लावू, की मध्यभागी?" पोरं ओरडली, "मध्यभागी!" मावशीने फोड चोखली. तिचं तोंड असं आवळलं की कानसुद्धा आत ओढले गेले. खांदे वर, पाय आखडलेले, जिभेचा टाळ्याला 'टक्' असा आवाज. नळ्या भरल्या. दारात उभ्या असलेल्या माझंही तोंड भरलं.

पुढे दर खेपेला नवी गोष्ट. कधी लिंबू राजाच्या मिशीत अडकलेलं, कधी कच्च्या हिरव्या द्राक्षांच्या लग्नात लिंबू रुसलेलं. पोरं वेळेआधी येऊन बसायला लागली. मावशीच्या नळ्या काठोकाठ आणि सगळ्यात आधी तयार. गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा, "बाकीच्या गल्ल्यांत तासन् तास बसावं लागतं. तुमच्याकडे नळ आहे की काय?"

"नळ नाही, जीभ आहे," मावशी म्हणायची, आणि काकांकडे बघायची.

असे बरेच महिने गेले. पुढच्या मोठ्या सुट्टीत मी पुन्हा मावशीकडे राहायला आले, तेव्हा एका सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, चेहरा उतरलेला.

"मावशी, काही कळत नाहीये. तुमच्या गल्लीतल्या मुलांच्या लाळेत अँटीबॉडी फार कमी दिसताहेत. जिथे आजार सगळ्यात जास्त झाला तिथेच सगळ्यात कमी. पलीकडच्या वस्तीत याच्या कितीतरी पट आहेत."

"म्हणजे आमची पोरं कच्ची?"

"तसं असेल, किंवा नमुन्यात काहीतरी गडबड होत असेल. आमच्या वरच्या लोकांचं म्हणणं आहे की ही गल्ली अभ्यासातून काढून टाकू. पुढची एक खेप बघतील. तीही अशीच आली तर..." त्यांनी पेटीकडे पाहिलं. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

मावशीने पेटीवर हात ठेवला. आतापर्यंत तिचं असं काही गेलंच नव्हतं, कारण तिचं असं काही नव्हतंच. आता होतं.

बातमी, जिन्यावरून जशी जाते तशी, संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. शिंपीणबाई कात्री हातात घेऊनच आल्या. "काय हो मावशी, आमच्या पोरांत ताकद नाही म्हणे? इतकी आजारपणं काढली ती काय फुकट?" त्यांचा आवाज चढलेला होता, पण डोळे भरलेले होते. पोरगी सारखी आजारी पडते म्हणून त्या बाईने सासरी कमी ऐकलं नव्हतं. मावशीला उत्तर सुचलं नाही. मावशीला उत्तर सुचलं नाही, हे गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

पुढच्या खेपेआधी डॉक्टरीणबाईंनी एक सराव ठेवला. "तुम्ही नेहमीसारखं करा. मी नुसती बघते."

मावशीने नेहमीसारखं केलं. उलट बाई बघताहेत म्हणून जरा जास्तच रंगवलं. लिंबू आज आपल्या सासूवर रागावलेलं होतं. फोड कापली, एक डोळा मिटला, चोखली, आवळली, 'टक्'. नळ्या भरल्या. आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा आवंढा गिळला. पुन्हा गिळला. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्या हसायलाच लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

"मावशी! अहो, तुम्ही दुधात पाणी घालताय!"

"मी? नळ्यांना मी बोटसुद्धा लावत नाही हो!"

"तुम्ही नाही, तुमचं लिंबू. लाळ आपली आपण सावकाश येते तेव्हा त्यात अँटीबॉडी दाट असतात. आंबट बघून जोरात सुटते ती बरीचशी नुसतं पाणी असते. अँटीबॉडी तेवढ्याच, पाणी ढीगभर. मग मोजमापात कमीच दिसणार! मुलं कच्ची नाहीत, तुम्ही फार चांगलं सांगता."

खिडकीशी बसलेल्या काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कामावरचा तजेला आला. "म्हणजे मापात पाप!" ते म्हणाले. "मी सांगत होतो. अति तिथे माती."

"तुम्ही काहीही सांगत नव्हता," मावशी म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता.

"आता काय करायचं ते सोपं आहे," डॉक्टरीणबाई तिला समजावत म्हणाल्या. "काही करायचं नाही. लिंबू नाही, गोष्ट नाही. मुलांनी शांत बसायचं, येईल ती लाळ येऊ द्यायची. वेळ लागला तर लागू दे. गाडी थांबेल. फक्त तुम्ही गप्प बसायचं."

फक्त!

मावशीने प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी पोरांना सरावाला बोलावलं, लिंबू घरात ठेवलं नाही, ओठ मिटून स्टुलावर बसली. पोरं तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मावशीच्या गालांत गोष्ट अडकून फुगली आहे असं मला वाटलं. आणि बघता बघता नळ्यांतून धार लागली. लिंबू नाही, शब्द नाही, तरी काठोकाठ.

"अरे, हे काय?" मावशी घाबरली.

"आजी, तुम्हाला बघूनच तोंड भरतं," भिंगरी म्हणाली. "काल तुम्ही आमच्या दुकानात बटणं न्यायला आलात ना, तेव्हापण भरलं होतं."

तर अशी गत. इतक्या महिन्यांत मावशीच स्वतः लिंबू झाली होती. ती बोलली तरी पाणी, गप्प बसली तरी पाणी. ती खोलीत नकोच म्हणावं तर पोरांना एका जागी बसवणार कोण? शिंपीणबाईंनी करून पाहिलं. पोरं त्यांना ओळखून होती, मिनिटभरात पलंगाखाली. मी करून पाहिलं. माझ्याकडे तर त्यांनी लक्षच दिलं नाही. मावशी त्या दिवशी जेवली नाही. पेटी मांडीवर घेऊन तिची बिजागरी पुसत बसली.

दुपारी चहा झाला. काका खिडकीतून तराजू काढून टेबलावर, पेटीच्या शेजारी, घेऊन आले आणि त्याची पारडी पुसू लागले. मग कुणी न विचारता त्यांनी सुरू केलं. "आता हे मापातल्या पापाचं बघ. पूर्वी तराजू दोन प्रकारचे. म्हणजे तसे तीन. पण तिसरा आपण नंतर घेऊ. पहिल्यात दांडीच्या मधोमध जो काटा, त्याला आम्ही..." मावशीला एरवी भाजी टाकायला उठायचं असतं. त्या दिवशी तिच्यात उठायचंही बळ नव्हतं. ती हनुवटी तळहातावर टेकून ऐकत राहिली. काकांचा आवाज दुपारच्या पंख्यासारखा एका गतीने फिरत होता. दांडी... टेकू... पारडं... सूतभर फरक...

मनगटाला गार लागलं म्हणून ती दचकून जागी झाली. तोंड उघडं होतं. हनुवटीवरून ओघळ मनगटापर्यंत आला होता.

मावशीने मनगट पाहिलं. मग काकांना पाहिलं. काका अजून पहिल्याच प्रकारच्या तराजूवर होते.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की काका थांबले. "हे सगळं... तुम्ही मुलांना सांगाल का?"

काकांना संशय आला. "मुलांना? वजनमापांचं?"

"पहिल्यापासून. काही गाळू नका."

"तू मला बोला म्हणतेयस?"

"बोला म्हणतेय."

काका बराच वेळ पारडं पुसत राहिले. "बघू," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला काढला होता आणि पितळी वजनं लहान-मोठी रांगेत लावून ठेवली होती. मावशी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होती. "सांगितलंस का त्यांना, कशासाठी ते?" मी विचारलं. "वेडी आहेस का?" ती कुजबुजली. "कुणाला कसं सांगायचं, की तुमच्या बोलण्याने माणसाची लाळ गळते?"

खेपेचा दिवस आला. डॉक्टरीणबाई हजर. मावशी दाराआड, पोरांना दिसणार नाही अशी, हातात लेबलं. काका तराजू घेऊन स्टुलावर. पोरांनी चुळा भरल्या, स्ट्रॉ धरल्या.

"तर मुलांनो," काकांनी घसा साफ केला, "वजन म्हणजे काय, ते आधी ठरवू."

सुरुवातीला चुळबूळ झाली. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. काकांनी दखल घेतली नाही. तपासनीस माणूस, दुकानदारांच्या गोंगाटात उभं राहायची सवय. ते दांडीकडे आले. टेकूकडे आले. टेकूचे प्रकार. गंजाचे प्रकार. पहिल्या रांगेतल्या मुलाची मान खाली गेली. मग त्याच्या शेजारच्याची. तोंडं उघडी पडली, स्ट्रॉ ओठांत लोंबायला लागल्या, आणि एकेक थेंब, दाट, मधासारखा, सावकाश नळीत उतरू लागला. काकांचा आवाज सोडला तर खोलीत इतकी शांतता की थेंब पडलेला ऐकूही येईल असं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी जांभई दाबली. दाराआड सरकून मावशीच्या कानात म्हणाल्या, "हे रोज असं बोलतात?"

"लग्न झाल्यापासून."

एकटी भिंगरी जागी होती. तिची मान वर, डोळे तराजूवर, तोंड मात्र उघडंच; स्ट्रॉ कधीच गळून पडलेली. "मान खाली घाल गं," मावशी दाराआडून पुटपुटली. पण भिंगरीने हात वर केला.

"आजोबा, दुकानातलं वजन तुम्ही तपासायचात. तुमचं वजन कोण तपासायचं?"

काका थांबले. "आमचं वजन मोठ्या कचेरीतल्या वजनाशी लावून बघायचे."

"आणि ते?"

"ते त्याहून मोठ्या कचेरीतल्या."

"मग सगळ्यात पहिलं वजन खरंच आहे, हे कुणी बघितलं?"

काकांच्या हातातलं पारडं हलायचं थांबलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही माणसाने विचारला नव्हता. विचारण्याइतका वेळ कुणी थांबलंच नव्हतं. त्यांनी स्टूल तिच्याजवळ ओढलं, गळालेली स्ट्रॉ बाजूला ठेवून नवी काढून तिच्या हातात दिली. "तू ही तोंडात धर, मान खाली घाल, आणि ऐक. ही फार मोठी गोष्ट आहे."

भिंगरीने मान खाली घातली आणि डोळे वर लावून ऐकत राहिली. तिची नळी सगळ्यात शेवटी भरली. गाडी थांबून राहिली, ड्रायव्हरलाही आत बसवून घेतलं होतं. त्याला उठवावं लागलं.

निकाल यायला बरेच दिवस लागले. तोवर मावशीने पेटी पुसली नाही. म्हणाली, उगीच माया लावून ठेवायची नाही. मग डॉक्टरीणबाई आल्या, आणि या वेळी जिन्यातूनच हाका मारत आल्या.

"मावशी! भरपूर आहेत! गल्लीतल्या मुलांत भरपूर अँटीबॉडी आहेत. आणि ज्यांना पुन्हा पुन्हा आजार झाला त्यांच्यात जास्तच. गल्ली राहिली. पेटी राहिली."

मावशीचा जीव भांड्यात पडला. ती काही बोलायच्या आत शिंपीणबाई पुढे झाल्या. "माझ्या भिंगरीच्या?"

"एकेकाचं नाव घेऊन सांगायची आम्हाला परवानगी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मी म्हटलं ना, ज्यांना पुन्हा पुन्हा झाला त्यांच्यात." शिंपीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "सांगते आता सासरी," त्या म्हणाल्या. "धर्मशाळा तर धर्मशाळा! धर्मशाळेला पहारा आहे."

"पण म्हणून निर्धास्त व्हायचं नाही," बाई घाईने म्हणाल्या. "पाणी उकळायचंच, हात धुवायचेच. अँटीबॉडी आहेत म्हणजे पुन्हा होणारच नाही असं नाही. किती उपयोगी पडतात, तेच तर आपण शोधतोय."

"पहारेकरी ठेवला म्हणून कुणी दार उघडं टाकून झोपतं का?" मावशी म्हणाली, आणि त्यानंतर तिची गाडी जी सुटली ती जिना उतरेपर्यंत बाईंची पाठ सोडेना.

संध्याकाळी घरात आम्ही तिघंच. टेबलावर पेटी, पेटीशेजारी तराजू. फडकं कुठे गेलं कोण जाणे. मावशी पोळ्या लाटायला घेणार, एवढ्यात काका म्हणाले, "पुढच्या खेपेला मी गंजापासून सुरू करतो. पोरं तिथे लवकर माना टाकतात."

मावशीचं लाटणं हवेतच राहिलं.

"तुम्हाला... कळलं होतं?"

"अगं, मी जन्मभर काट्याकडे बघत आलो. समोरच्याची मान किती झुकली, हे मला कळणार नाही?" काकांचा चेहरा गंभीर होता, पण मिशीचं एक टोक हलत होतं. "पहिलं पोर पेंगलं तेव्हाच कळलं."

"मग उठून का नाही गेलात?"

"तू बोला म्हणाली होतीस."

मावशी गोरीमोरी झाली. तिने उगीचच पोळपाट पुसला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, पण दारापाशीच रेंगाळले.

"बरं," काका थोड्या वेळाने म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले, हात मांडीवर, पोरं बसायची तसे. "ते लिंबू कसलं असायचं म्हणे? मी वर्तमानपत्र धरून बसायचो. पहिल्यापासून कधी ऐकलंच नाही."

मावशीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पिठाचे हात झटकले, टोपलीतून लिंबू काढलं आणि तळहातावर सावकाश फिरवायला लागली.

"हे लिंबू साधं नाही हं," ती म्हणाली. "झाडावरचं सगळ्यात रागीट. याच्या शेजारी दुसरं लिंबू..."

काकांनी आवंढा गिळला.